अभिनयाचे शिक्षण : निर्णय घरात व्हावा, उजेडात व्हावा

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



बारावीचा किंवा पदवीचा निकाल हाती आला की घरोघरी एक छोटी बैठक बसते. वडील चष्मा पुसतात, आई चहा आणते, काका-मामा सल्ला घेऊन हजर होतात. अभियांत्रिकी, औषधशास्त्र, सनदी लेखापाल किंवा घरचा व्यवसाय, अशी नावे एकामागून एक निघतात आणि माना डोलतात. अशा वेळी कोपऱ्यात बसलेला मुलगा किंवा मुलगी हळूच म्हणते, “मला अभिनयाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा आहे.” क्षणभर चहाच्या कपांचाही आवाज थांबतो. कोणी हसण्यावारी नेते, कोणी रागावते, कोणी “आधी पदवी घे, मग बघू” म्हणून विषय पुढे ढकलते. प्रश्नाचा विचार मात्र कोणीच करीत नाही. आजचे चार शब्द या टाळल्या गेलेल्या प्रश्नाविषयी आहेत.

प्रारंभी शिमल्यातील एका घराची हकीकत पाहणे उचित ठरेल. काळ १९७० च्या दशकाच्या मध्याचा. वडील वनखात्यात कारकून, पगार बेताचा, काश्मिरी पंडितांचे मोठे कुटुंब. मुलगा अभ्यासात यथातथाच. परंतु नाटकाचे वेड विलक्षण. पंजाब विद्यापीठाच्या चंदीगड येथील नाट्यविभागाने अभिनयाच्या अभ्यासक्रमाची जाहिरात दिली होती आणि निवड होणाऱ्यांना दरमहा दोनशे रुपयांची शिष्यवृत्ती होती. चाचणीला जायचे तर प्रवासखर्च हवा. घरी विचारले तर नकार येणार, असे मुलाने मनाशी धरले. त्याने आईच्या देवघरातील शंभरएक रुपये गुपचूप उचलले, सहलीला जात असल्याचे सांगितले आणि चंदीगड गाठले. परतल्यावर पैशांवरून घरात गहजब झाला. विचारले तेव्हा मुलाने कानावर हात ठेवले. पुढे काही दिवसांनी निवडीचे पत्र आले आणि बिंग फुटले. आईचा हात उठला. वडिलांनी मात्र दोनशेच्या शिष्यवृत्तीतून शंभर रुपये सहज परत करता येतील, असे समजावून प्रसंग सावरला.

हा मुलगा म्हणजे अनुपम खेर. ही हकीकत त्यांनी स्वतःच जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे. चंदीगडनंतर ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, १९७८ मध्ये तेथील शिक्षण पूर्ण केले आणि मुंबईत काही काळ हलाखीत काढल्यावर १९८४ मध्ये ‘सारांश’ या चित्रपटातून घराघरांत पोहोचले.

ही गोष्ट बहुधा यशाची कथा म्हणून सांगितली जाते आणि श्रोते टाळ्या वाजवतात. परंतु तिच्यातील खरा विचार करण्याजोगा भाग यश हा नव्हेच. निवड झाली नसती तर काय झाले असते? देवघरातून पैसे नाहीसे झाले, मुलगा खोटे बोलला आणि हाती काही लागले नाही, एवढेच त्या घराच्या वाट्याला आले असते. मुलाचे चुकलेच, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या घरात प्रश्न विचारण्याचीच सोय मुलाला वाटत नाही, तेथे निर्णय अंधारात होतो, ही गोष्टही तितकीच खरी. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे. अभिनयाच्या महाविद्यालयात जावे की न जावे, याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे निघेल. मात्र ते उत्तर सर्वांसमक्ष, उजेडात आणि हिशेब मांडून निघाले पाहिजे.

पालकांच्या मनातील भीती निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तिला इतिहास आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली गेली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ आले आणि नाटक मंडळ्यांचा सुवर्णकाळ सुरू झाला. लोक नाटक डोक्यावर घेत. परंतु आपला मुलगा नाटक कंपनीत जावा, असे क्वचितच कोणास वाटे. गावोगावचे बिऱ्हाड, रात्रीची जागरणे आणि उत्पन्नाची अनिश्चितता, हे त्याचे कारण. प्रत्यक्ष बालगंधर्वांसारख्या नटसम्राटाची कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली दबली, ही गोष्ट महाराष्ट्राने पाहिली आहे. मुलींच्या बाबतीत तर विचारच नको. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. १९३२ मध्ये प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई खोटे यांच्यासारख्या प्रतिष्ठित घरातील सुशिक्षित स्त्रीने तारामतीची भूमिका केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतील ही कोंडी थोडीशी फुटली.

नाटक कंपन्यांच्या काळी शिक्षण कंपनीतच होई. लहान वयात मुलगा दाखल होई. पाणी भरणे, पडदा ओढणे, नकला करणे, तालीम ऐकणे यातून तो घडे. कंपन्या ओसरल्या तशी ही शाळाही मिटली. स्वातंत्र्योत्तर काळात तिची जागा संस्थांनी घेतली. १९५९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना झाली. १९६० मध्ये पुण्यात, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात, चित्रपट शिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तेथील अभिनयाचा अभ्यासक्रम मध्यंतरी बरीच वर्षे बंद राहून २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र, तर मुंबई विद्यापीठात नाट्यकला विभाग आहे. म्हणजेच अभिनय शिकण्यासाठी घरातून पळून जाण्याचे दिवस संपले आहेत. आज अर्ज करावा लागतो, चाचणी द्यावी लागते आणि निवड झाली तर शुल्क भरून वर्गात बसावे लागते.

आता या वर्गात नेमके मिळते काय? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. अंगाचा, वाणीचा, वेशभूषेचा आणि अंतःकरणाचा. यांपैकी पहिले तीन मोठ्या प्रमाणात शिकवता येतात. श्वास कसा घ्यावा, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोहोचवावा, देहाचा ताठरपणा कसा घालवावा, संहिता कशी वाचावी, हे शास्त्र आहे आणि ते सरावाने येते. चौथा प्रकार मात्र शिक्षक फक्त जागा करू शकतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. त्यांच्या कडक शिस्तीची आठवण विद्यार्थी पुढे आयुष्यभर काढीत. रंगमंचाची स्वच्छता, नेपथ्याची ठोकाठोक आणि प्रकाशयोजना यांपासून विद्यार्थ्याची सुटका नव्हती. ओम पुरी पंजाबातील अत्यंत गरीब घरातून तेथे आले होते. इंग्रजी येत नसल्याचा न्यूनगंड त्यांना सतावत असे. त्या वातावरणात टिकून राहणे हीच त्यांची पहिली परीक्षा होती.

या शिक्षणाचे फळ कसे असते, हे ‘सारांश’मध्येच पाहता येते. त्यातील बी. व्ही. प्रधान हे मुंबईतील निवृत्त मराठी शिक्षक आहेत. परदेशात मारल्या गेलेल्या एकुलत्या एका मुलाच्या अस्थी सरकारी कचेरीतून मिळवण्यासाठी ते झगडतात. ही भूमिका करणारा नट शिमल्याचा होता आणि त्याने तिशीही गाठली नव्हती. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी होत्या. त्याही राष्ट्रीय नाट्य विद्यालयातच शिकलेल्या, मूळच्या पुण्याच्या. ‘गांधी’ चित्रपटात त्यांनी कस्तुरबांचे तारुण्य ते वार्धक्य उभे केले आणि ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळवला. तरुण देहाने वृद्धांचे चालणे, थांबणे, श्वास टाकणे इतक्या खरेपणाने दाखवावे, हे केवळ रूपाच्या किंवा नशिबाच्या बळावर घडत नाही. त्यामागे निरीक्षण आणि मेहनत यांची अनेक वर्षे असतात.

तथापि दुसरी बाजूही तेवढ्याच स्वच्छपणे मांडली पाहिजे. महाविद्यालय विद्या देते, काम देत नाही. पदविका पाहून कोणी भूमिका देत नाही. सनदी लेखापालाला सनद मिळाली की व्यवसायाचा दरवाजा उघडतो. नटाला प्रत्येक वेळी दरवाजा नव्याने ठोठवावा लागतो. शिवाय, महाविद्यालयात न जाताही थोर नट झाले आहेत, हेही सत्य आहे. निळू फुले कोणत्या अभिनयशाळेत गेले होते?

डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. ते कान-नाक-घसा शल्यविशारद. पुण्यात वैद्यकीचे शिक्षण घेतले, परदेशात पुढचे प्रशिक्षण घेतले, पुण्यात आणि टांझानियात व्यवसाय केला. नाटकाचे प्रेम महाविद्यालयीन काळापासूनचे; भालबा केळकरांच्या सहवासात हौशी रंगभूमीवर त्यांनी दीर्घकाळ काम केले. आणि १९६९ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बाजूला ठेवून पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आले. त्यांनी घाई केली नाही आणि हाकही विसरली नाही.

डॉ. मोहन आगाशे यांनी तिसरा मार्ग निवडला. ते मनोविकारतज्ज्ञ. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करीतच त्यांनी रंगभूमी गाजवली. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मधील त्यांचा नाना फडणवीस सर्वश्रुत आहे. १९७६ मध्ये या नाटकावर चित्रपट निघाला, तेव्हा नाना होते डॉ. आगाशे आणि घाशीराम होते ओम पुरी. एक मनोविकारशास्त्राचा प्राध्यापक, अभिनयाची पदविका नसलेला. दुसरा दिल्ली आणि पुणे या दोन्ही राष्ट्रीय संस्थांतून अभिनय शिकून आलेला. दोघे एकाच चौकटीत समोरासमोर उभे राहिले आणि कोणाचे पारडे जड, हे प्रेक्षकाला ठरवता येऊ नये. मार्ग एकच नाही, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

मग निर्णय कसा घ्यावा? व्यापारी माणूस ताका विकत घेताना वरचा पदर पाहून भाव ठरवीत नाही. ताका उलगडतो, उजेडात धरतो, पोत बोटांनी चाचपतो आणि मगच बोलतो. येथेही तसेच करावे. काही प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःलाच विचारावेत.

पहिला प्रश्न : हवे आहे ते अभिनयाचे काम, की प्रसिद्धी? याची परीक्षा सोपी आहे. ज्या नाटकात भूमिका मिळाली नाही, त्या नाटकाच्या तालमीला तो मुलगा रोज गेला का? सामान उचलले, प्रॉम्प्टिंग केले, दिवे लावले, तरीही कंटाळला नाही का? तसे असेल तर त्या ओढीला काही अर्थ आहे. केवळ पडद्यावरील नटांची चमक पाहून मन पालटले असेल, तर ती ओढ पुढच्या सणापर्यंत टिकेल याची शाश्वती नाही.

दुसरा प्रश्न : परक्या माणसांनी पारख केली आहे का? घरच्यांचे कौतुक हिशेबात धरू नये. महाराष्ट्रात याची सोय उत्तम आहे. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून, तर पुण्यातील महाविद्यालयांची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. अशा स्पर्धांत एक-दोन वर्षे उतरावे, हरावे, परीक्षकांचे कठोर शब्द ऐकावेत. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातही प्रवेशासाठी पदवीबरोबर प्रत्यक्ष नाट्यप्रयोगांतील सहभागाची अट राहिली आहे, ती याचसाठी.

तिसरा प्रश्न : संस्था कोणती? नामांकित संस्था चाचणी घेऊन मोजक्यांनाच प्रवेश देतात. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या मुख्य अभ्यासक्रमाला साऱ्या देशातून दरवर्षी तीसच्या आसपासच विद्यार्थी घेतले जातात आणि त्यांना विद्यावेतनही मिळते. उलट, जी संस्था पैसे भरणाऱ्या प्रत्येकास प्रवेश देते आणि तीन महिन्यांत मालिकेत काम मिळवून देण्याचे आश्वासन देते, तिच्यापासून दोन पावले दूर राहावे. ‘पी हळद अन् हो गोरी’ हा प्रकार कोणत्याच विद्येत नाही. प्रवेशापूर्वी पालकांनी स्वतः जाऊन वर्ग पाहावेत, ग्रंथालय पाहावे, विद्यार्थ्यांचा एखादा प्रयोग पाहावा, मान्यतेची कागदपत्रे तपासावीत आणि दोन माजी विद्यार्थ्यांना भेटावे. मुलगी असेल तर वसतिगृह आणि रात्रीच्या तालमीनंतरची परतीची व्यवस्था यांची चौकशी अवश्य करावी. परंतु ती चौकशी नकाराची सबब म्हणून नव्हे, तर सोय लावण्याच्या हेतूने करावी.

चौथा प्रश्न पैशांचा. तो विचारण्यात संकोच नसावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथेही लागू आहे. शुल्कापेक्षा परगावचे राहणे आणि जेवण अधिक खर्चाचे असते आणि शिक्षणानंतरची दोन-तीन वर्षे बिनउत्पन्नाची जातात. म्हणून वडील आणि मुलगा यांनी समोरासमोर बसून दोन गोष्टी ठरवाव्यात : मर्यादा आणि मुदत. घर एवढी रक्कम देऊ शकेल, याहून अधिक नाही; अमुक वर्षांपर्यंत देईल, त्यानंतर मुलाने स्वतःच्या पायावर उभे राहावे. व्यवहारात उधारीला मुदत असते, म्हणूनच नाती टिकतात. मुदत नसलेली मदत पुढे उपकार होते आणि उपकार पुढे टोमणा होतो.

आणि मुदत संपल्यावर यश आले नाही तर? येथे पालकांचे खरे मोठेपण कसाला लागते. “तेव्हाच सांगितले होते” हे तीन शब्द उच्चारण्याचा मोह प्रत्येक बापाला होतो. तो आवरावा. अनुपम खेर यांच्या वडिलांनी मुलगा शाळेत नापास झाला असता त्याला उपाहारगृहात नेले होते आणि अपयशाचे भय मनातून काढले होते, असे खेर सांगतात. एका कारकुनाच्या खिशाला ते उपाहारगृह परवडणारे नसेल; पण त्या मुलाला आयुष्यभर पुरेल असे काही त्या दिवशी मिळाले. शिवाय नाट्यशिक्षण कधीच पूर्ण वाया जात नाही. स्पष्ट वाणी, माणसांचे निरीक्षण, समूहात काम करण्याची सवय आणि वेळेची शिस्त हे गुण शाळेत शिकवताना उपयोगी पडतात, आकाशवाणीवर उपयोगी पडतात आणि दुकानाच्या गादीवर बसतानाही पडतात.

विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. घरचा नकार हा नेहमीच शत्रूचा नकार नसतो. पुष्कळदा तो न सांगता आलेल्या काळजीचा असतो. वडिलांना पटवणे ही नटाची पहिली चाचणी समजावी. ज्याला आपल्या मनातील गोष्ट आपल्याच माणसांपुढे सरळ उभे राहून सांगता येत नाही, त्याने हजार प्रेक्षकांपुढे कोणाची गोष्ट सांगावी? आणि वडिलांनीही लक्षात ठेवावे की, ऐकून घेणे म्हणजे होकार देणे नव्हे. नकार द्यायचा असेल तरी पूर्ण ऐकून, कारण सांगून द्यावा. तसा दिलेला नकार मुलगा एक दिवस समजून घेईल. न ऐकता दिलेला नकार तो आयुष्यभर उरात बाळगेल.

शिमल्याच्या त्या घरात चाचणीपूर्वी एका संध्याकाळी बाप-लेक समोरासमोर बसले असते, तर काय झाले असते? कदाचित नकारच मिळाला असता. कदाचित आईनेच देवघरातील पैसे काढून हातावर ठेवले असते. तो प्रश्न त्या घरात वेळेवर विचारलाच गेला नाही, म्हणून त्याचे उत्तर कोणालाच सांगता येणार नाही.

येथे उपस्थित असलेल्या घरांत तो प्रश्न विचारला जावो, शांतपणे ऐकला जावो आणि उत्तर काहीही निघो, देवापुढील दिव्याच्या उजेडात सर्वांसमक्ष निघो, एवढीच सदिच्छा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण करणे उचित ठरेल.